माझ्या वाट्याचं पाणी

भातकुलीला येणाऱ्या पाहुण्याला दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक म्हणजे इथलं आदिनाथाचं जुनं जैन मंदिर आणि त्यातली काळ्या पाषाणाची मूर्ती. दुसरी म्हणजे हे गाव पुराणातलं भोजकट, रुक्मीचं. कौंडण्यपूरची रुक्मिणी आपल्या मर्जीने कृष्णाच्या रथात बसली. तिला परत आणल्याशिवाय घरी पाय ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून भाऊ पाठीमागे निघाला, हरला आणि इथेच गाव वसवून राहिला. बहिणीने आपलं आपण ठरवलं याचा राग धरलेल्या भावाचं गाव! माझा भाऊ मात्र रुक्मी निघाला नाही, हे आधीच सांगून टाकते. त्याने मला अडवलं नाही. फार मदत केली असंही नाही. तो आपला शेतात असायचा. मी केमिस्ट्रीत एमएस्सी झाले आणि पाणी तपासणीच्या नोकरीला लागले, ते दुसऱ्याच माणसांच्या जिवावर. त्यातली दोघं आता नाहीत. तिसरीला हे असं छापून आलेलं अजिबात आवडणार नाही, पण तिला विचारतंय कोण!

तिसरी गोष्ट पाहुण्याला सांगावी लागत नाही. पाण्याचा पहिला घोट घेतला की ती त्याला कळते. आमचं खेडं भातकुली तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे, सुमारे चार हजार सातशे चौरस किलोमीटर. खोलवर गाळाची चिकणमाती. तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही, त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत. वर कापूस आणि तूर डोलते, खाली विहिरीला खारट पाणी. त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. पिण्याचं पाणी गावाबाहेरच्या एका बऱ्या विहिरीवरून आणायचं, आणि ते आणायचं पोरींनी. माझ्या वाट्याला सकाळ-संध्याकाळच्या खेपा होत्या. पोट्टे तेव्हा क्रिकेट खेळत.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला ज्या मॅडम होत्या, त्या अमरावतीहून अपडाऊन करायच्या. पंधरा-सोळा किलोमीटरवर भातकुली आणि तिथून पुढे आमचं गाव. बीएस्सी, बीएड. एमएस्सीला नंबर लागला होता, पण त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं, हे त्या एवढ्याच शब्दांत सांगत. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, एक कपाट होतं, आणि त्याची किल्ली बहुधा हरवलेली असे. एक दिवस त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने औषधाची रिकामी बाटली उकळून धुवायची आणि वेगवेगळ्या विहिरींचं पाणी आणायचं. पोरांची पंचाईत झाली. गावात विहिरी किती आणि त्या कुठे कुठे, हेच त्यांना धड सांगता येईना. पोरींना मात्र कोणतं पाणी किती खारं हे जिभेने पाठ होतं. मॅडमनी आम्हाला चाखायला लावलं आणि त्या क्रमाने बाटल्या ओट्यावर मांडायला सांगितल्या. एका टोकाला पागोळीचं पाणी, दुसऱ्या टोकाला देवळामागच्या विहिरीचं.

मग त्यांनी पिशवीतून काळ्या कागदात गुंडाळलेली एक बारकी बाटली काढली. सिल्व्हर नायट्रेट. कॉलेजातल्या ओळखीने मागून आणलेलं होतं, त्यामुळे थेंब न् थेंब मोजून. पाण्यात पोटॅशियम क्रोमेट घालून ते पिवळं करायचं आणि मग ड्रॉपरने सिल्व्हर नायट्रेट सोडत थेंब मोजायचे. पाण्यात क्लोराइड आहे तोवर पांढरा साका पडत राहतो. ते संपलं की पुढच्या थेंबाला रंग पालटतो, पिवळ्याचा विटकरी होतो. पागोळीच्या पाण्याने लगेच मान टाकली. देवळामागच्या पाण्यात थेंबामागून थेंब जात राहिले आणि परीक्षानळी पातळ ताकासारखी पांढरी होत गेली. शेवटी मॅडमनी फळ्यावर थेंबांचे आकडे लिहिले. आम्ही जिभेने लावलेली रांग आणि थेंबांनी लावलेली रांग एकच होती. त्या हसल्या नाहीत, शाबासही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘तुम्हाला आधीच माहीत होतं. आता ते दुसऱ्याला पटवून देता येईल.’’

सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं की आधी काहीच दिसत नाही, उन्हात गेलं की कातडी काळी पडते. संध्याकाळी माझी बोटं पाहून माय घाबरली. ‘‘काऊन वं, बिब्बा उतला का काय?’’ डाग घासून जात नाहीत, कातडी बदलली की जातात. ते जाऊ नयेत म्हणून मी हात नीट धूत नव्हते. आता कुणी विचारलं की तुम्ही विज्ञानाकडे कशा वळलात, तर मी काहीतरी सभ्यसं उत्तर देते. खरं उत्तर ते डाग आहेत.

दहावीनंतर अकरावी सायन्स म्हणजे अमरावती. मुलींना बारावीपर्यंत फी नव्हती, पण फी हा आमचा अडसर नव्हताच. अडसर होता तो येण्या-जाण्याचा. घरी बैठक बसली. एका नातेवाइकांनी विचारलं, ‘‘सायन्स शिकून पोट्टी का चंद्रावर जाते?’’ मॅडम आमच्याकडे आल्या त्या कुणाला पटवायला नव्हे. त्यांनी बाबांना बसचं वेळापत्रक सांगितलं. सकाळी अमरावतीहून मी ज्या बसने येते, तीच बस इथून परत फिरते. मी उतरेन, ही चढेल. कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे. संध्याकाळी उशीर झाला तर माझ्या घरी राहील. एवढंच. बाबांना मुलीच्या उज्ज्वल भवितव्यावर भाषण दिलं असतं तर त्यांनी मान डोलावून नाही म्हटलं असतं. बसच्या वेळेवर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मग ते वर्षानुवर्षं चाललं. बस फाट्यावर थांबे, मॅडम उतरत, मी चढे. दाराच्या पायरीवर अर्ध्या मिनिटाची तोंडी परीक्षा. ‘‘काल काय झालं?’’ ‘‘मोल कन्सेप्ट.’’ ‘‘समजलं?’’ ‘‘थोडं.’’ ‘‘उद्या सांग.’’ ड्रायव्हर हॉर्न वाजवे. बारावीला, बीएस्सीला, पुढे एमएस्सीलाही हेच. एमएस्सीच्या ज्या वर्गात त्यांना स्वतःला बसता आलं नाही, त्या वर्गात काल काय झालं, हे त्या मला विचारत होत्या. तेव्हा मला ते माझ्याच अभ्यासाविषयी वाटायचं.

बीएस्सी मी व्हीएमव्हीतून केलं. 1923 मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेलं ते विदर्भ महाविद्यालय; आता नाव लांबलचक झालंय, पण अमरावतीकर अजून व्हीएमव्हीच म्हणतात. प्राध्यापक चांगले होते. तरी ब्युरेट धरायला मला शिकवलं ते प्रयोगशाळेतल्या एका परिचर काकांनी. तोटीत अडकलेला हवेचा बुडबुडा वाचन चुकवतो. आधी थोडं द्रावण जोरात सोडून तो घालवायचा. तोटीच्या खुंटीला व्हॅसलिन लावायचं, पण भोकाला लागू द्यायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असलं तरी मी ते तिथे वाचलेलं नाही. प्रॅक्टिकल संपायच्या आणि शेवटच्या बसच्या वेळेत जेमतेम अंतर होतं. काका काही न बोलता माझी ब्युरेट आधीच धुऊन, भरून खिडकीशी लावून ठेवत. इतर पोरं काचसामानाच्या रांगेत असताना माझं पहिलं वाचन झालेलं असे. एकाने तक्रार केली तेव्हा काका म्हणाले, ‘‘तुले सायकल हाय. तिले येस्टी हाय.’’

मी बारावीत असताना वहिनी घरात आली. दहावी फर्स्ट क्लास, आणि गणितात माझ्यापेक्षा जास्त गुण. तिच्या गावात पुढचा वर्ग नव्हता आणि बस जुळवून देणारं कुणी नव्हतं. ती आली त्या आठवड्यातच पाण्याच्या खेपा तिच्याकडे गेल्या. कुणी ठरवलं नाही, ती नवी सून होती म्हणून गेल्या. माझ्या वाट्याच्या खेपा, माझं शेणपाणी, दिवाळीनंतर वेचणीतली माझी ओळ, सगळं. पहाटे डब्यात बेसन-भाकर, कधी आंबाडीची भाजी. कुणी अडवायच्या आत मला दाराबाहेर काढणं हे तिने आपलं काम मानलं होतं. रात्री चुलीपाशी माझी प्रॅक्टिकलची वही घेऊन ती नॉर्मॅलिटीची गणितं तपासायची. नॉर्मॅलिटी म्हणजे काय हे तिला नीटसं माहीत नव्हतं, पण गुणाकार चुकला की तिला दिसायचा. ‘‘हा आकडा फार मोठा येऊन राहिला ताई, पुन्हा कर,’’ आणि तो खरंच चुकलेला असायचा.

मुलींच्या शिक्षणावर बोलताना आपण बाप मोठ्या मनाचा होता का, गुरुजी कसे होते, हे विचारतो. घरातलं काम कुणाच्या अंगावर पडलं, हे विचारत नाही. माझ्या रसायनशास्त्राची किंमत एका हुशार बाईने पाणी वाहून दिली. तिला पर्याय होता असं मला म्हणता येत नाही, म्हणून ‘तिने त्याग केला’ हे वाक्य माझ्या लेखणीतून उतरत नाही. त्याग करायलाही आधी निवड हाती असावी लागते.

नोकरीत स्थिरावल्यावर मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींविषयी वाचलं. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी उत्तम रीतीने होऊन त्या, तेव्हाच्या कमला भागवत, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करतात आणि सर सी. व्ही. रामन बाई म्हणून नाही म्हणतात. त्या नाही ऐकत नाहीत. त्यांच्या दाराशी ठाण मांडतात, वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळवतात आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतात. वाचताना ऊर भरून येतो. पण मला पुढचाही तपशील अडला: वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले. आमच्या घरचा रसायनाशी संबंध कपाशीवरच्या फवारणीपुरता. कमलाबाईंचं धैर्य त्याने कमी होत नाही. मात्र रामन यांच्या दारात बसायचं, तर आधी त्या दारापर्यंतची वाट घरात कुणाला तरी ठाऊक असावी लागते. मला ती बसच्या पायरीवर कळली.

कमल रणदिवे मला म्हणूनच जास्त जवळच्या वाटतात. कर्करोगावर एवढं मोठं काम केलेल्या या बाईंनी 1973 मध्ये सहकारी स्त्रियांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली. वाशीतल्या त्या संघटनेच्या कामात व्याख्यानं, ग्रंथालय तर आहेच, पण नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही आहे. शास्त्रज्ञ बायांनी एकत्र येऊन पाळणाघर काढावं, याचं काहींना हसू येईल. मला त्यात आमच्या मॅडम दिसतात.

2019 मध्ये जलजीवन मिशन आलं. त्यात दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट देऊन शिकवायचं होतं. नोकरीचा भाग म्हणून मी गावोगाव हे प्रशिक्षण द्यायला जायचे. आमच्या गावची पाळी आली तेव्हा पहिल्या रांगेत वहिनी. पन्नाशीच्या आसपासची, चष्मा नाकावर. मी क्लोराइडच्या चाचणीपाशी आले: लिटरमागे 250 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घ्यायचं, त्यापुढे नाही. तिने हात वर केला. ‘‘पाणी सकाळचं घ्याचं का संध्याकाळचं? उन्हाळ्यात उपसा झाला की संध्याकाळी खारटपणा वाढते.’’ माझ्या छापील टिपणात याचं उत्तर नव्हतं. मी दोन्ही वेळचं घ्यायला सांगितलं. तिने तसं केलं, वहीत दोन रकाने पाडले, आणि पुढच्या ग्रामसभेत ती वही उघडून सरपंचांपुढे ठेवली. तेव्हापासून किटमधली बाटली संपली किंवा तिची मुदत उलटली की फोन मला येतो, आणि सुरुवात ‘कशी आहेस’ने होत नाही.

गेल्या खेपेचा फोन मात्र बाटलीचा नव्हता. तिचं शेंडेफळ, माझी भाची, पोट्टी हुशार निघाली. इन्स्ट्रुमेंटेशनला पुण्यात नंबर लागला. 2024 च्या जुलैत सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा व्यावसायिक शिक्षणाची शिक्षणफी आणि परीक्षाफी पूर्ण माफ केली, ते तिच्या पथ्यावर पडलं. मी अभिनंदन करायला लागले तर वहिनीने मध्येच तोडलं.

‘‘फी माफ झाली ते बरं झालं. मेस कोन माफ करते?’’

तिने हिशेब करून ठेवला होता, पाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर. मेस, खोली, लॅपटॉप, गाडीभाडं, वर्षाचं आणि चार वर्षांचं. आकडे वाचून दाखवताना ती कुठे अडखळली नाही.

‘‘मेस अन् लॅपटॉप तुयाकडे,’’ ती म्हणाली. ‘‘खोलीचं तुया भावाकडे. सोयाबीन आलं की देईल. तिच्या वाटचं काम मी पाहतो.’’

भावाला हे अजून सांगितलेलं नव्हतं. ते कामही तिने मलाच लावून दिलं.