सोबतीचे काम

आम्ही दोघी या शाळेच्या वसतिगृहात एकाच खोलीत वाढलो. पुढे बारा वर्षे एकाच शहरातील वस्त्यांमध्ये संघटनेचे काम केले. रेशनकार्डे, नळजोडण्या, घरकुलाचे अर्ज, महानगरपालिकेवरील मोर्चे, असे ते काम होते. गेली सहा वर्षे आम्ही प्रसूतीच्या वेळी स्त्रियांना सोबत करतो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात याविषयी बरेच विचारले जाते. त्यातील एक प्रश्न एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी फार तळमळीने विचारला होता: "ज्या कामातून आपल्या आयाबाया सुटल्या, त्यातच तुम्ही शिकूनसवरून परत गेलात?"

हा प्रश्न न्याय्य आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत सुईणपण अस्पृश्य मानलेल्या जातींच्या स्त्रियांवर सोपवलेले असे. नाळ कापणे, वार पुरणे हा विटाळ. ज्या हातांवर विसंबून बाळ जगात यायचे, ते हात काम संपताच अस्पृश्य ठरत. आमच्यापैकी एकीच्या आजीने हे काम केले होते. मोबदला म्हणजे पसाभर धान्य, कधी जुने लुगडे. १९५६ नंतर वस्तीने गावकीची कामे नाकारली, तेव्हा तिनेही वाड्यावरचे बोलावणे नाकारले. मात्र आपल्या आळीतील लेकीसुनांकडे ती अखेरपर्यंत जात राहिली. बोलावणे आणि जाणे यांतील हा फरक तिला कोणी शिकवला नव्हता. आम्ही त्याच फरकावर उभ्या आहोत.

योगायोग असा की, आमच्या कामाला जगभर जो 'डौला' हा शब्द रूढ झाला आहे, त्याचा ग्रीक भाषेतील मूळ अर्थ दासी. आम्ही तो शब्द वापरत नाही. स्वतःला प्रसूतिसोबतीण म्हणवतो. वस्तीतील बाया नुसते 'ताई' म्हणतात.

काम कसे बदलले, ते सांगतो. आमच्या बचतगटातील एका गरोदर तरुणीने रुग्णालयात आपल्याबरोबर चलावे, अशी गळ घातली. कारण साधे होते: कुठल्या खिडकीवर केसपेपर निघतो, रक्तपेढीत कोणाशी बोलायचे, हे आम्हाला ठाऊक होते. त्या रात्री एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात आम्ही जे ऐकले, ते मोर्च्याच्या कोणत्याही निवेदनात आम्ही कधी लिहिले नव्हते. कळा देणाऱ्या स्त्रीवर ओरडले जात होते, तिच्या जातीवरून आणि मुलांच्या संख्येवरून टोमणे मारले जात होते. परिचारिका दोन, खाटा कितीतरी अधिक. त्यांचा थकवाही आम्ही पाहिला. परंतु त्या मुलीचा हात धरायला कोणी नव्हते, हेही खरे होते. पुढच्या महिन्यात आणखी दोघींनी विचारले. मग आम्ही प्रशिक्षण घेतले. ते इंग्रजीत होते आणि महागही होते, ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

आम्ही सुईणी नाही. आतून तपासणी करत नाही, इंजेक्शन देत नाही, बाळ झेलत नाही. कंबर चोळतो, कोमट पाणी पाजतो, कळांमध्ये श्वास कसा सोडावा ते तिच्याबरोबर करून दाखवतो. डॉक्टर जे बोलले ते तिच्या भाषेत सांगतो आणि तिच्या शंका डॉक्टरांपर्यंत नेतो. परवानगी असेल तेथे तिला चालवतो, उभे करतो. सालवृक्षाची फांदी धरून उभ्या असलेल्या महामायेचे शिल्प आपण सर्वांनी पाहिले आहे; तरीही बाई उभी राहिली की कक्षात गडबड उडते! बाळ झाल्यावर पहिला चीक फेकू नये म्हणून सासूबाईंशी जो वाद घालावा लागतो, त्यात जुना संघटनेचा अनुभव पुरेपूर कामी येतो.

केवळ भावनेवर हे चाललेले नाही. प्रसूतीत सतत सोबत असल्यास शस्त्रक्रियेचे प्रमाण घटते आणि कळांचा काळ काहीसा कमी होतो, असे १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचण्यांच्या २०१७ च्या आढाव्यात दिसून आले. बाबासाहेबांनी तर १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना आईच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित पाहिले होते. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला.

पैशाचे गणित अजून जुळलेले नाही. शहरातील सुस्थितीतील कुटुंबे मानधन देतात, त्यावर वस्तीतील बायांची सोबत चालते. काही महिने एकीने शिकवण्या घेतल्या, तेव्हा घरभाडे निघाले. मोर्च्यातील जुने सहकारी म्हणतात, तुम्ही चळवळ सोडली. कधी कधी घोषणांचा आवाज ऐकू आला की आमचेही पाय तिकडे वळतात.

या शाळेतून गेलेल्या अनेक भगिनी आज परिचारिका आहेत. त्यांना एक विनंती आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला आत घेण्याची मुभा केंद्र शासनाने २०१६ मध्येच दिली आहे. रात्रपाळीत दाराशी कोणाची आई, मावशी किंवा आमच्यासारखी एखादी उभी दिसली, तर तिला आत घ्यावे आणि बसायला एक स्टूल द्यावे.