रात्रीचं मोजपात्र

साठी ओलांडलेली बाई रात्री लघवीला उठावं लागतं म्हणाली, की ऐकणाऱ्याकडे दोन सल्ले तयार असतात. शुगर तपासा, आणि रात्री पाणी कमी प्या. मला हे दोन्ही सल्ले डॉक्टरांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी दिले. शुगर तपासली, ठीक निघाली. लघवीचं कल्चर केलं, जंतू नव्हते. सोनोग्राफीत मूत्रपिंडं चांगली, मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय. संध्याकाळनंतरचं पाणी बंद केलं, चहा सोडला, रात्रीच्या जेवणातलं ताकही गेलं. तरी रात्रीतून तीन-चारदा उठणं काही थांबेना, आणि पहाटे तर जास्तच.

मग मूत्राशय शांत करणारी गोळी मिळाली. तिने तोंडाला अशी कोरड पडायची की उशाशी तांब्या ठेवायची वेळ आली. लघवी कमी व्हावी म्हणून गोळी आणि गोळी घेतली म्हणून पाणी!

मी वाईला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यामुळे मला खटकत होतं ते निराळंच. मूत्राशय चिडलेलं असेल तर घाई होते, पण होते ती थोडी थोडी. मला दर वेळी भरपूर व्हायची आणि रंग जवळजवळ पाण्यासारखा. खरं तर रात्री शरीर पाणी राखून ठेवतं, म्हणून सकाळची पहिली लघवी पिवळीजर्द असते. माझं सगळं उलटं चाललं होतं. पोटात जाणारं पाणी कमी, बाहेर पडणारं जास्त. हा हिशोब कुणाला विचारायचा तेच कळत नव्हतं, कारण स्त्रीरोगतज्ज्ञ मूत्राशयाबद्दल बोलायचे आणि फिजिशियन रक्तदाबाबद्दल. रक्तदाबाला एका गोळीने भागेना म्हणून दुसरी सुरू झाली होती. सकाळी डोकं जड असायचं, त्याला चष्म्याचा नंबर कारण ठरला. भजनाला बसलं की डोळा लागायचा, त्याला वय.

हे सगळं एका धाग्यात ओवलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. आम्ही बायका अक्कलकोटला गेलो होतो आणि भक्तनिवासात एका खोलीत गाद्या टाकून झोपलो होतो. सकाळी चहा घेताना त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “अगं, तू घोरतेस ते घोर, पण मधेच थांबतेस कशाला? मी मोजत पडले होते, आता घेईल श्वास, मग घेईल. मग एकदम हुंदका आल्यासारखं करतेस, उठतेस आणि बाथरूमला जातेस. आमच्या ह्यांचं अस्संच होतं. त्यांना मशीन लागलंय.”

मला आधी रागच आला. पुरुष घोरला की घरात थट्टा होते, नातवंडं नक्कल करून दाखवतात. बाई घोरते हे मात्र तिला कुणी सांगत नाही आणि सांगितलं तर तिला ते अपमानासारखं लागतं. आमच्या घरात सांगणारं होतंच कोण? हे रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतात. माझ्या घोरण्याचा त्यांना काय पत्ता! पण राग ओसरल्यावर जाऊबाईंचं एक वाक्य डोक्यात राहिलं. हुंदका आधी आणि बाथरूम नंतर. मी तोवर धरून चालले होते, की लघवी लागते म्हणून जाग येते.

साताऱ्याच्या छातीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत टेप घेऊन माझ्या गळ्याचा घेर मोजला. लघवीसाठी गेलेल्या बाईचा गळा मोजणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटत होता. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा हा त्रास पुष्कळ वाढतो, म्हणाले, पण बायका थकवा, डोकेदुखी, झोप लागत नाही असं सांगत येतात, त्यामुळे घोरण्यापर्यंत विषय पोचतच नाही. आणि मग त्यांनी गृहपाठ दिला. झोपेची तपासणी होईपर्यंत एक पूर्ण दिवस-रात्र प्रत्येक लघवी मोजून लिहायची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरायची, कारण ती रात्री तयार झालेली असते.

प्लॅस्टिकचं मोजपात्र आणलं. ह्यांनाही रात्री उठावं लागतं, तेव्हा ‘तुझ्याबरोबर माझीही होऊन जाऊ दे’ म्हणत त्यांनी दुसरं आणायला लावलं. बाथरूमच्या दाराला दोरीने वही बांधली, दोन रकाने आखले. शाळेच्या प्रयोगशाळेत इतक्या इमानदारीने कुणी निरीक्षणं नोंदवली नसतील. ह्यांचे आकडे दिवसा आणि रात्रीही लहान लहान, शंभर, सव्वाशे मिलिलिटर. माझे दिवसा बेताचे आणि रात्री एकेका वेळी साडेतीनशे, चारशे. साठीनंतरच्या माणसाची रात्रीची लघवी चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावी. माझी निम्म्याहून जास्त निघाली. एकाच घरात, एकाच बाथरूमच्या दारात दोन वेगळे आजार उभे होते. ह्यांचा प्रोस्टेटचा होता, आणि माझ्या मूत्राशयाला मात्र कुणी उगीच गोळ्या घालत होतं.

झोपेची तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला, तर तो एक अडथळा मोजतात. तासाला पाचपर्यंत चालतात, तीसच्या पुढे गेले की आजार तीव्र. माझे चौतीस होते. रक्तातला ऑक्सिजन एका ठिकाणी ७६ टक्क्यांवर आला होता. दिवसा बोटाला चिमटा लावून हा आकडा दिसला असता तर घरच्यांनी मला उचलून दवाखान्यात नेलं असतं.

पण घशाचा मूत्रपिंडाशी संबंध काय? डॉक्टरांनी सांगितलं ते मी घरी येऊन स्वतःवर करून पाहिलं. ज्यांना हृदयाचा त्रास नाही त्यांनी क्षणभर करून पाहायला हरकत नाही. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि श्वास आत ओढायचा प्रयत्न करा. हवा येत नाही, पण छाती आतून खेचली जाते. झोपेत घशाचे स्नायू सैलावून वाट मिटली की हेच होतं, रात्रभर, पुन्हा पुन्हा. छातीतला दाब उतरतो आणि शिरांमधलं रक्त जोरात हृदयाकडे ओढलं जातं. उजव्या अलिंदाची भिंत ताणली जाते. हृदयाला वाटतं, शरीरात पाणी फार झालं. मग ते एक संप्रेरक सोडतं, एएनपी नावाचं, आणि मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकायला लावतं. मिठामागोमाग पाणी जातं. मूत्रपिंडं मिळालेला हुकूम पाळतात, मूत्राशय नेहमीपेक्षा लवकर भरतं. पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते, तेव्हा स्नायू आणखी सैल पडतात. माझ्या पहाटेच्या फेऱ्या वाढायच्या त्या यामुळेच.

मी वर्षानुवर्षं फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढले. उत्सर्जन संस्थेचा धडा आला की हृदय पुसून मूत्रपिंड काढायचं. हृदय नुसता पंप नाही, ग्रंथीचंही काम करतं, हे कधी शिकवायची वेळच आली नाही. कॅनडातल्या अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांची लघवी एकदम वाढल्याचं दाखवलं, ते १९८१ साली. त्याच वर्षी सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती ‘लॅन्सेट’मध्ये छापली. माझ्या उशाशी आज जे सीपॅप यंत्र आहे ते त्या युक्तीचंच पोर. एका टोकाला उंदरांची लघवी, दुसऱ्या टोकाला घोरणारी माणसं. दोघांची गाठ माझ्या शरीरात पडायची होती.

यंत्राचं कौतुक मी उगाच करणार नाही. सुरुवातीच्या रात्री मास्क झोपेतच ओढून फेकला जायचा. नाकावर वळ उठायचा, हवा डोळ्यांत शिरायची. हे म्हणाले, “लढाऊ विमान चालवायला निघालीस का?” मास्क बदलून लहान घेतला, हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घालायला लागले, मग जमलं. आणि एकदा सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. मधे उठल्याचं आठवेना. मोजपात्र बाथरूममध्येच होतं, सवयीने धरलं. लघवी गडद पिवळी होती. त्या पिवळ्या रंगाने मला केवढा आनंद झाला, हे एखाद्या विज्ञानशिक्षिकेलाच कळेल.

मूत्राशयाची गोळी बंद झाली. रक्तदाबाची दुसरी गोळी अजून आहे, ती लगेच सुटेल असं कुणी सांगितलेलंही नव्हतं. कधी एकदा उठावं लागतं, ते या वयात चालायचंच. भजनी मंडळात मी आता निर्लज्जपणे विचारते, थोडी होते की भरपूर, आणि घरचे घोरणं मधेच थांबत असल्याचं सांगतात का? मैत्रिणी आधी हसतात. मग एखादी बाजूला घेऊन सांगते. सगळ्यांचं कारण माझ्यासारखंच असेल असं नाही. कुणाचे पाय संध्याकाळी सुजतात आणि आडवं झालं की तेच पाणी रात्री उतरतं, कुणाची खरंच शुगर असते. म्हणून मी आधी मोजपात्र आणायला सांगते.

ह्यांना प्रोस्टेटची गोळी लागू पडली, पण वही काढू देत नाहीत. त्यांचा रकाना अजून चालू आहे. पावसाळ्यात आमच्या भागातली वीज रात्री-अपरात्री जाते. यंत्र थांबलं की हवेचा आवाज बंद होतो, पण मला जाग येते ती तासाभराने, दचकून, आणि मूत्राशय भरलेलं असतं. सकाळी हे वहीत माझ्या रकान्यात ‘वीज नव्हती’ असं लिहून ठेवतात. आता इन्व्हर्टर घ्यायचा आहे. यंत्राला किती क्षमतेची बॅटरी रात्रभर पुरेल, त्याचं गणित मी त्याच वहीच्या मागच्या पानावर मांडलंय.