कपातलं माप आणि माझं माप



क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना क्षमा मागतो. यंदा मला सूनबाईंची क्षमा मागायची होती, आणि तीही एका केकसाठी.

झालं असं, श्रावणात नातीचा वाढदिवस होता. पुण्याहून मुलगा-सून येणार होते. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणं होतात, म्हणून केक चारपर्यंत तयार हवा. सुनेनं बिनअंड्याच्या केकची कृती पाठवली होती : मैदा २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, दही २५० ग्रॅम, तेल, सोडा वगैरे. माझ्याकडे काटा नव्हता. कपावर २४० मिली लिहिलेलं. मी म्हटलं, सोपं आहे, एक कप म्हणजे जवळजवळ २५० ग्रॅम. मैदा एक कप, दही एक कप!

केक फुगला आणि मधोमध बसला. आत चिकट लगदा. नणंदा, जावा सगळ्या समोर, आणि मी बोलून गेले, "तुझी कृतीच चुकीची आहे गं." ती एवढंच म्हणाली, "आई, मैदा वजन करून घेतला होता का?" मी उत्तरच दिलं नाही. नातीनं शेवटी शिऱ्यावर मेणबत्ती लावली.

मी बी.कॉम. झालेली. हिशेब जुळला नाही की चैन पडत नाही. चार दिवसांनी कप घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले आणि त्यांच्या काट्यावर एकेक जिन्नस तोलला. चाळून, चमच्यानं हलका भरलेला मैदा कपभर फक्त १२० ग्रॅम! म्हणजे मी मैदा निम्माच घातला होता, आणि दही मात्र पुरेपूर. केक बसणारच.

मिली म्हणजे जागा, ग्रॅम म्हणजे वजन. पाण्यात दोन्ही सारखे, म्हणून आपण फसतो. आता कपाटाच्या दारावर आतून कागद चिकटवलाय. २४० मिलीच्या एका कपात साधारण :

मैदा १२० ग्रॅम
पिठीसाखर १२० ग्रॅम
साखर २०० ग्रॅम
लोणी २२५ ग्रॅम
दही, दूध २४० ते २४५ ग्रॅम
कोको पावडर ८५ ग्रॅम

कृतीतल्या ग्रॅमला या आकड्यानं भागायचं. २५० ग्रॅम मैदा म्हणजे दोन कप आणि वर सव्वा टेबलस्पून. मैदा डब्यातून कपानंच खोवून घेतला तर दाबला जातो आणि २०-२५ ग्रॅम सहज जास्त बसतो. म्हणून चमच्यानं भरा आणि सुरीच्या पाठीनं सपाट करा. चहाचा कप मापाला घेऊ नका, तो घरोघरी वेगळा.

हिशेब जुळला, पण मन जुळेना. माझी चूक मी तिच्या खात्यावर टाकली होती, तीही चारचौघींत. दशलक्षणात दहा दिवस तेच टोचत होतं. क्षमावाणीला नणंदा घरी आल्या होत्या. त्यांच्यासमोरच सुनेला फोन लावला आणि म्हटलं, "कृती बरोबर होती, माप माझं चुकलं. उत्तम क्षमा." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, दिवाळीला आले की दोघी मिळून करू."

काटा मी अजून घेतलेला नाही. तीच आणणार आहे म्हणे.