सात दिवसांचे घर

लिस्बनमध्ये जून महिन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असलेल्या माणसाला याहून सोयीचे शहर शोधूनही सापडणार नाही, असे सौ. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. परंतु ही सोय तेवढ्यापुरतीच. आम्ही पोचलो तो दिवस नेमका सेंट अँथनीच्या उत्सवाचा, म्हणजे बारा जून होता. त्या रात्री जुन्या लिस्बनच्या प्रत्येक गल्लीत शेगड्या पेटतात आणि त्यांवर मासे भाजले जातात. धुराने भरलेल्या त्या चढावरून नाकाला रुमाल लावून आम्ही मुलीच्या घरी चढत होतो, आणि मुलगी हसून म्हणत होती, ‘‘बाबा, आजची एक रात्र सोसा. उद्यापासून चेरी, पाव आणि ऑलिव्हचे तेल.’’

मुलगी एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. तिचे घर ग्रासा नावाच्या टेकडीवर आहे. अठ्ठावीस क्रमांकाची पिवळी ट्राम ज्या चिंचोळ्या रस्त्यांतून कण्हत वर येते, त्यांपैकी एका रस्त्यावर. जुनी चार मजली इमारत, दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशा, लाकडी जिना, आणि प्रवेशद्वाराशेजारच्या लोखंडी गजांना लटकलेल्या पाच लहान काळ्या पेट्या. प्रत्येक पेटीवर आकड्यांची कळ. या कसल्या, असे मी विचारले. प्रवाशांसाठी किल्ल्या ठेवण्याच्या पेट्या, असे उत्तर मिळाले. घरमालक येत नाही, दूरध्वनीवर चार आकडे कळवतो. पाहुणा किल्ली काढतो, तीन रात्री राहतो आणि जातो. इमारतीत घरे आठ आणि पेट्या पाच. त्या क्षणी मी केवळ मोजणी केली. तिचा अर्थ पुढच्या तीन आठवड्यांत हळूहळू उलगडला.

लिस्बन हे मुळातच परक्या संपत्तीने घडलेले शहर आहे. बेलें येथील जेरोनिमुशचा मठ पाहताना हे विशेष जाणवते. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला, आणि पुढल्या काही वर्षांतच या मठाचा पाया घातला गेला. आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरील कराचा वाटा त्याच्या बांधकामासाठी लावून देण्यात आला होता. आपल्या मलबारातील मिरी येथे दगडी वेलबुट्टी होऊन उभी आहे, असे म्हणावयास हरकत नाही. वास्को द गामाची समाधीही तेथेच आहे. त्या काळी लिस्बनच्या लोकसंख्येत सुमारे दहातील एक माणूस आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता, असे सांगतात. आपल्या परिग्रह-परिमाण व्रताच्या विवेचनात क्षेत्र, वास्तु, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य यांच्या बरोबरीने दासी आणि दास यांचाही उल्लेख येतो. लहानपणी पाठशाळेत ती यादी घोकताना ‘हे आता कशाला?’ असे वाटे. त्या मठाच्या अंगणात तसे वाटले नाही.

ती संपत्ती आली आणि गेली. 1 नोव्हेंबर 1755 रोजी झालेला भूकंप, पाठोपाठ आलेली समुद्राची लाट आणि कित्येक दिवस धुमसलेली आग यांनी राजवाडा, पूर्वेच्या व्यापाराची कचेरी आणि निम्म्याहून अधिक शहर नाहीसे केले. पोंबालच्या मार्क्विसने सखल भाग सरळ रेषांत पुन्हा वसवला. अल्फामा, मोरारिया या उतारांवरील वस्त्या मात्र जुन्या वाकड्यातिकड्या वळणाच्याच राहिल्या. गरिबांच्या वस्त्या म्हणूनच त्या पुढे ओळखल्या गेल्या. आज याच गल्ल्यांत रात्री महाग दराने विकल्या जातात.

अलीकडची कहाणी थोडक्यात अशी. 2011 मध्ये पोर्तुगाल कर्जाखाली वाकला आणि युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून त्याला 78 अब्ज युरोंचे साहाय्य घ्यावे लागले. पैसा हवा होता, आणि देशाजवळ विकण्यासारखे होते ते ऊन, समुद्र आणि पडीक जुनी घरे. 2012 च्या ऑक्टोबरपासून पाच लाख युरोंचे घर घेणाऱ्या युरोपबाहेरील माणसाला निवासाचा परवाना मिळू लागला. जुन्या इमारतीची डागडुजी करणाऱ्याला पुढे साडेतीन लाखही पुरत. अट एवढीच की वर्षातून सरासरी सात दिवस देशात राहावे. बाहेरून येऊन राहणाऱ्यांसाठी करसवलती त्याआधीच, म्हणजे 2009 पासून सुरू झाल्या होत्या. 2012 मध्येच भाडेकायदा सैल झाला, आणि 2014 मध्ये प्रवाशांना घर भाड्याने देण्याची रीत अतिशय सोपी करण्यात आली. चार दरवाजे एकामागून एक उघडले आणि वारा आत शिरला. सोनेरी परवान्यांची चर्चा सर्वाधिक होते, परंतु माझ्या समजुतीप्रमाणे खरा भार प्रवाशांच्या घरांचाच अधिक पडला. शहराच्या जुन्या गाभ्यातील सांता मारिया मायोर या विभागात तर निम्म्याहून अधिक घरे प्रवाशांसाठी नोंदली गेल्याची बातमी काही वर्षांपूर्वी गाजली होती. 2018 मध्ये महापालिकेने अल्फामा, मोरारिया अशा भागांत नव्या नोंदी थांबवल्या. तोवर पेट्या लटकून झाल्या होत्या.

भाडेकायद्याचा भाग मला परका वाटला नाही. लिस्बन व पोर्तु या शहरांतील घरभाडी 1948 पासून गोठलेली होती. आपल्या मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा 1947 चा. माझे मामा गिरगावात पागडीच्या खोलीत राहत. भाडे इतके थोडे, की ते वसूल करण्यासाठी येणाऱ्या मेहताजींच्या चहालाही पुरले नसते. पण पावसाळ्यात छतातून पाणी ठिबके तेव्हा मालक ढुंकूनही पाहत नसे, आणि त्याने तरी का पाहावे? लिस्बनमध्ये हेच झाले. मुलीचे सहकारी सांगतात की वीस वर्षांपूर्वी शहराच्या मध्यभागी खिडक्या विटांनी बुजवलेल्या इमारती ओळीने उभ्या असत. परक्या पैशाने त्या दुरुस्त झाल्या, रंगल्या, त्यांच्यावरच्या फरशा पुन्हा चमकू लागल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. दुरुस्त झालेल्या घरात राहायचे कोणी, हा प्रश्न मात्र दुरुस्तीच्या वेळी कोणी विचारला नाही.

मुलीच्या इमारतीत, तळमजल्यावर, एक साठीच्या जवळ आलेल्या बाई राहतात. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. मुलगी त्यांना मान देऊन ‘दोना’ म्हणते, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना आमची, तरी सौ.चे आणि त्यांचे दुसऱ्याच दिवशी जमले. आम्ही अंडे खात नाही हे कळल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटले, कारण येथील प्रसिद्ध गोड पदार्थ अंड्याच्या बलकाशिवाय होतच नाही. मग त्या बदाम आणि सुके अंजीर घेऊन आल्या. सौ.ने त्यांना मेथीचा खाकरा दिला. तो त्यांनी आधी थाळीसारखा हातात धरला, आणि तो खाण्याचा पदार्थ आहे हे कळल्यावर पोट धरून हसल्या.

एका दुपारी त्या एक पत्र घेऊन वर आल्या. मुलीने ते वाचले आणि काही वेळ बोललीच नाही. बाईंचा जन्म याच घरातला. जुना करार त्यांच्या आईच्या नावावर होता. आई गेली तसा तो करारही गेला आणि बाईंना पाच वर्षांचा नवा करार मिळाला. दरम्यान इमारत एका कंपनीने विकत घेतली. पाच वर्षे सप्टेंबरमध्ये संपतात. कराराचे नूतनीकरण होणार नाही, एवढेच पत्रात लिहिले होते. मजकूर सभ्य होता, कायद्याला धरून होता, आणि खाली कोणा माणसाची सही नव्हती, केवळ शिक्का होता.

या देशात 2025 साली किमान वेतन महिना 870 युरो होते. माझी मुलगी एका शयनगृहाच्या घराला 1,200 युरो देते. ती हे देऊ शकते, कारण तिचा पगार दुसऱ्या देशाच्या मापाने ठरतो. बाईंनी सहज सांगितले, की मुलीच्या खोलीत पूर्वी एक शिंपी, त्याची पत्नी आणि तीन मुले राहत. जिन्यात शिवणयंत्राचा आवाज ऐकू येई. त्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, केवळ आठवण होती. तरी मुलगी खाली मान घालून बसली. रात्री ती मला म्हणाली, ‘‘बाबा, मी नसते तर दुसरे कोणी आले असते, हे मला ठाऊक आहे. पण मी आहे.’’

बाई आता बारेइरोला बहिणीकडे जाणार आहेत. बारेइरो तेजो नदीच्या पलीकडे. तेरेइरो दु पासोच्या धक्क्यावरून नावेने वीस मिनिटे. आम्ही एकदा त्या नावेने गेलो. सकाळी सातला पलीकडून येणारी नाव सफाई कामगार, स्वयंपाकी, परिचारिका यांनी भरून येते. संपूर्ण महानगराचा मासिक पास चाळीस युरोंचा आहे, आणि तो 2019 पासून आहे. या शहरात स्वस्त झालेली मला आढळलेली ही एकच गोष्ट. ज्यांनी शहर चालवायचे ते असे रोज नदी ओलांडून शहरात येतात. 1981 मध्ये लिस्बनची लोकसंख्या आठ लाखांवर होती, 2021 च्या जनगणनेत ती साडेपाच लाखांच्या आत आली. त्यातील सर्वच काही भाड्यामुळे गेले नाहीत, उपनगरे तर कित्येक दशके वाढतच होती. सेंट अँथनीच्या रात्री मात्र पलीकडे गेलेले कितीतरी लोक आपल्या जुन्या गल्लीत परत येतात, शेगडी मांडतात, नाचतात आणि शेवटच्या नावेने निघून जातात. ज्या धुराला मी त्या रात्री नाक मुरडले होते, तो अशा परतलेल्यांचा होता.

आपल्याकडील वाचकांना एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सोनेरी परवान्यांची घरखरेदीची वाट बंद करण्याची घोषणा 2023 च्या फेब्रुवारीत झाली, ती पंतप्रधान आंतोनियो कोस्ता यांनी केली. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोस्ता, गोव्याच्या कुटुंबातले, घराणे मडगावचे. 2007 ते 2015 या काळात कोस्ता लिस्बनचे महापौरही होते, म्हणजे शहराचे पालटणे त्यांनी फार जवळून पाहिले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राहण्यासाठी घर मागणारे हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि ऑक्टोबरमध्ये तो कायदा लागू झाला. भाडी त्यानंतरही उतरलेली नाहीत, असे मुलगी सांगते.

‘वर्षातून सात दिवस’ ही अट मला राहून राहून आठवत असे. आपले मुनिमहाराज चातुर्मासात चार महिने एका गावी स्थिर राहतात. त्या गावातील एका विटेवरही त्यांची मालकी नसते, तरी गाव त्यांना आपले मानते आणि निरोपाच्या दिवशी वेशीपर्यंत चालत जाते. येथे घर ज्याच्या मालकीचे, त्याने सात दिवस राहिले तरी पुरे, आणि जी त्या घरात जन्मली तिला सप्टेंबर संपण्याच्या आत निघायचे आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाणाचे अतिचार सांगताना आरंभीच क्षेत्र आणि वास्तु येतात. सोने-चांदी त्यानंतर. आचार्यांनी हा क्रम कशासाठी ठेवला हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण सोने तिजोरीत पडून राहिले तर कोणाच्या डोक्यावरचे छप्पर जात नाही, एवढे मला त्या नावेत बसून समजले.

आणि मग स्वतःकडे पाहणे भाग पडले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आम्ही म्हापशाजवळ एक सदनिका घेतली आहे. गुंतवणूक म्हणून, आणि ‘अधूनमधून जाऊन राहू’ म्हणून. बारा वर्षांत आम्ही तेथे किती रात्री काढल्या याचा हिशेब सौ.ने परतीच्या विमानात बोटांवर केला. वर्षाला सरासरी सहा. पोर्तुगालच्या सरकारने आम्हाला परवाना दिला नसता. व्रत घेताना वास्तूची मर्यादा मी ‘दोन’ अशी लिहून दिली होती, त्यामुळे नियमभंग झालेला नाही. मर्यादा आखताना माझ्याजवळ किती आहे हे मी पाहिले. त्या गावातील किती जणांजवळ नाही, ते पाहिले नाही.

निघण्याच्या सकाळी बाईंनी सौ.च्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक निळी फरशी ठेवली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून सुटून पडलेली, एक कोपरा तुटलेला. सौ.ने ती कोल्हापूरच्या घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे.

परत आल्यावर चौथ्या दिवशी गोव्यातील सदनिकेची देखभाल करणाऱ्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. हंगाम जवळ येतो आहे, शेजारच्या सर्वांनी घरे प्रवाशांना द्यायला घेतली आहेत. दाराशी एक लहानशी पेटी लावली की तुम्हाला काही पाहावे लागणार नाही, किल्लीचे चार आकडे तेवढे ठरवा, असे ते म्हणाले. त्यांच्या ओळखीत तेथील पंचायत शाळेच्या एक शिक्षिका वर्षभराच्या भाड्याने जागा शोधत आहेत, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितले; पण त्या फार देऊ शकणार नाहीत. मी विचार करून कळवतो म्हणालो. सौ. समोरच बसली होती. तिने काही विचारले नाही, फक्त उठून देव्हाऱ्याजवळचा दिवा सारखा केला.