गाण्यामुळे कळलेलं दुखणं

वरणगावात मी मुलांना गाणं शिकवतो. वर्गातला एक मुलगा दोन ओळी म्हटल्या की थांबायचा, छातीवर हात ठेवायचा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. पुढच्या तपासणीत हृदयाच्या पडद्याला छिद्र निघालं. ऑपरेशन सरकारी योजनेतून मोफत होणार होतं. पण मुंबईत राहायचं, खायचं आणि तेवढे दिवस मजुरी बुडवायची, हे त्याच्या आईबापाला झेपणारं नव्हतं.

तेव्हा मला पलक मुच्छल आठवली. बुऱ्हाणपूर-खंडव्याच्या पलीकडच्या इंदूरची ही गायिका. १९९९ साली, सात वर्षांची असताना, तिने कारगिलच्या जवानांच्या कुटुंबांसाठी दुकानोदुकानी गाऊन पैसे जमवले. २००० साली इंदूरमधल्याच एका विद्यार्थ्याच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी ती हातगाडीचा रंगमंच करून गायली. गाजावाजा झाला आणि बंगळुरूच्या डॉ. देवी शेट्टींनी त्या मुलाचं ऑपरेशन विनामूल्य करायची तयारी दाखवली. जमलेले पैसे दुसऱ्या एखाद्या मुलाच्या कामी यावेत म्हणून मुच्छल कुटुंबाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तर ३३ मुलांची नावं पुढे आली! त्यानंतर तिने गाणं थांबवलं नाही. तिच्या कार्यक्रमांच्या पैशांतून आजवर ३,००० हून अधिक मुलांची ऑपरेशनं झाली आहेत.

आम्हीही कार्यक्रम ठरवला. पेटी, तबला, भाड्याचा माईक आणि माझे विद्यार्थी. गावातली माणसं आली, इथल्या फॅक्टरीच्या वसाहतीतली कुटुंबं आली. दोन गाण्यांच्या मध्ये मी माईकवरून या आजाराची लक्षणं सांगितली: खेळताना किंवा दूध पिताना धाप लागणं, वजन न वाढणं, वारंवार न्यूमोनिया होणं, ओठ-नखं निळसर दिसणं. झोळी फिरली आणि मुंबईचा खर्च निघाला.

मी पेटी बंद करत होतो, तर एक बाई मुलीला पुढे करून उभी राहिली. म्हणाली, "सर, माह्या पोरीलेबी असाच दम लागते. घरातले म्हनतात, कोनाले सांगू नको, उद्या तिचं लगन कसं व्हईन?" मी मुलीचा हात हातात घेतला. नखं मुळापासून जांभळट होती. गावच्या आशा सेविकेला सांगून तिला जळगावला तपासणीसाठी पाठवलं. आता तिच्यावर उपचार सुरू आहेत. तो मुलगा ऑपरेशन होऊन परतला आणि कडवं सलग म्हणतो.

पलकच्या जाहिरातीला आलेल्या त्या ३३ नावांचा अर्थ मला त्या बाईंमुळे उमगला. योजना असते, डॉक्टर असतात, पण दुखणं घरात झाकलेलं राहतं. कलावंतासमोर गाव आपणहून गोळा होतं, विश्वासाने ऐकतं. म्हणून गणेशोत्सवात, गॅदरिंगमध्ये, कीर्तनात ज्याच्या हाती माईक असेल त्याने ही चार लक्षणं जरूर सांगावीत. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात आता ती सांगितली जातात आणि ती सांगायचं काम माझे विद्यार्थीच करतात.