हळू ऐकण्यासाठी

गाडीला स्वतःचा एक खर्ज असतो. स्टेशनात उभी असताना तो जाणवत नाही. पनवेल सुटलं, गाडीनं वेग धरला, की डब्याच्या तळातून तो वर येऊ लागतो. चाकांचा, रुळांचा, पत्र्याचा, सगळ्यांचा मिळून एक जाड, अखंड सूर. स्लीपरच्या उघड्या खिडकीतून येणारा वारा त्यात मिसळतो, आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यात गाडी शिरली की तोच सूर भिंतींवर आपटून दुणावून परत येतो. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. तो सरेपर्यंत समोरच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं.

मला हा आवाज मनापासून आवडतो. पण त्यात गाणं ऐकायला बसलं की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. सगळ्यात आधी तानपुऱ्याची खर्जाची तार बुडते. मग डग्ग्याचा घुमारा जातो. चाटीवरची टिचकी तेवढी उरते. गायकाचा आवाज राहतो, पण त्याच्या पायाखालची जमीन गेलेली असते. जाड आवाज आपल्याजवळच्या आवाजांना आधी झाकतो आणि वाढत गेला की बारीक आवाजांवरही पसरतो, हा कानाचा स्वभाव आहे. अशा वेळी आपला अंगठा आपसूक आवाज वाढवायच्या बटणावर जातो. गाडीच्या खर्जावर मात करायला आपण गाण्याला ओरडायला लावतो.

यंदा माझी भाची शिकायला मुंबईला आली. घर कुडाळला, त्यामुळे सुट्टी लागली की दादरहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस. आजवर मोबाईलबरोबर आलेले साधे इअरफोन वापरत होती, कानाच्या पाळीत नुसते टेकणारे. आता तिला कानाच्या आत बसणारे हवे होते, स्वतःच्या पैशांनी घेतलेले पहिले. फोनवर म्हणाली, "मावशे, खंयचे घेव गो?" कंपनीचं नाव सांगून प्रश्न मिटला असता. पण तिचे कान विशीतले आहेत आणि पुढची कितीतरी वर्षं तिला त्यांनीच ऐकायचं आहे, म्हणून मी तिला सविस्तर सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल इतक्या आवाजात मोठ्या माणसानं आठवड्याला ४० तास ऐकावं, त्याहून जास्त नको. पुढचा हिशोब कडक आहे. आवाज ३ डेसिबलनं चढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्म्यावर येतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. दादर ते कुडाळची रात्र या पाच तासांहून मोठी असते. आणि आतल्या कानात ज्या सूक्ष्म रोमपेशी आवाज पकडतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून प्रवासासाठी इअरफोन निवडताना तो किती मोठा वाजतो हे विचारूच नये. तो बाहेरचं किती अडवतो, म्हणजेच मला किती हळू ऐकू देतो, हे विचारावं.

त्याचं उत्तर आत बसवलेल्या यंत्रापेक्षा पुढे लावलेल्या इवल्याशा रबरी टोपीत असतं. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या बहुधा येतात. बरेचजण मध्यम लावलेली असते तीच ठेवतात, बाकीच्या खोक्यातच राहतात. खरं तर कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तीही सरळ नव्हे, वळण घेत गेलेली, आणि प्रत्येकाची निराळी. एकाच माणसाचे दोन कानही सारखे असतीलच असं नाही. उजव्याला मध्यम आणि डाव्याला लहान लागली तर त्यात काही वावगं नाही. घालताना दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे हलकीशी ओढायची. वाट जरा सरळ होते, टोपी जागेवर बसते. नीट बसल्याची खूण अगदी स्पष्ट असते. आजूबाजूचं जग दोन पावलं मागे सरतं, आणि गाण्याचा तळ, जो नव्हताच असं वाटत होतं, एकाएकी भरून येतो. मग जबडा उघडून मिटून पाहायचा, थोडं बोलायचं, चार पावलं चालायचं. जबड्याबरोबर कानाची नळी आकार बदलते आणि सैल टोपी तिथेच उघडी पडते. केसाएवढी फट राहिली तरी खर्ज निसटतो. इअरफोनमध्ये दम नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे कित्येकदा एवढी फटच असते.

रबराऐवजी फोमच्या टोप्याही मिळतात. बोटांच्या चिमटीत दाबून बारीक करायच्या, कानात सोडायच्या आणि फुलून भिंतीला लागेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. आवाज अडवण्यात त्यांचा हात धरणं कठीण. पण कोकणातल्या घामात आणि दमटपणात त्या लवकर मऊ पडतात, पुन्हा घ्याव्या लागतात. रबर धुऊन वापरता येतं. भाचीला मी रबरावरच राहा म्हटलं.

कानाच्या आत शिरून गाणं ऐकवणारं हे यंत्र आलं कुठून, हे तिला सांगताना मला फार बरं वाटलं. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि गाणं माणसाबरोबर चालू लागलं, पण त्याचे हेडफोन कानावर टेकणारे, बाहेरचं सगळं आत येऊ देणारे. कान बंद करून आत नेमका सूर सोडायची कला श्रवणयंत्रं करणाऱ्यांनी रुजवली. अमेरिकेतले मीड किलियन हे त्याच विद्येतले. त्यांच्या एटिमोटिक कंपनीनं १९९१ मध्ये ईआर-४ नावाचे इअरफोन आणले. त्यांतलं आवाज करणारं इवलं यंत्र श्रवणयंत्रांत वापरतात त्याच जातीचं होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी केलेली मेहनत ऐकू येणाऱ्यांच्या कामी आली. हे ऋण मला लक्षात ठेवावंसं वाटतं.

दुसरी वाट विमानातून आली. बंगालमधून क्रांतिकार्यामुळे अमेरिकेत गेलेल्या ननीगोपाल बोस यांचे चिरंजीव अमर बोस १९७८ मध्ये झुरिचहून घरी परतत होते. विमानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीनं गाणं ऐकवेना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात कागद काढून गणितं मांडली: बाहेरचा आवाज मायक्रोफोननं टिपायचा, नेमकी त्याच्या उलट लाट तयार करून कानात सोडायची, दोन्ही एकमेकींना खातील. कल्पना १९३० च्या दशकात एका जर्मन शास्त्रज्ञानं पेटंट करून ठेवली होती, पण ती माणसाच्या कानापर्यंत आणायला बोसना वर्षं लागली. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. आज तेच नॉइज कॅन्सलिंग बोराएवढ्या बिनतारी बड्समध्ये मावतं.

ते भाचीनं घ्यावेत का, यावर आम्ही बराच खल केला. एसी डब्यात, बंद काचेमागे किंवा विमानात ते अप्रतिम काम करतात, कारण एकसुरी जाड घरघर हेच त्यांचं खरं भक्ष्य. लहान मुलाचं रडणं, चहावाल्याची आरोळी, असे अचानक आणि उंच आवाज त्यांच्या हाती तितकेसे लागत नाहीत. तिथे पुन्हा टोपीच कामाची. आणि आमची पोरगी बसते स्लीपरला, खिडकीशी. उघड्या खिडकीचा वारा त्या बारीक मायक्रोफोनवर आदळला की कानात नवाच घोंघाट उठतो. शिवाय बॅटरी संपते, वरच्या बर्थवरून एक बड घरंगळला की अंधारात शोधत बसायचं. तार असलेला निदान गळ्यात लटकत राहतो.

म्हणून मी तारेच्या बाजूनं मत दिलं. मात्र तार सुटी होणारी हवी, कारण आधी तीच तुटते, आणि तेवढीच बदलता आली तर बाकीचा जीव वाचतो. ती कानावरून मागे वळवून घालता यावी. सरळ खाली सोडली तर कुडत्यावर घासल्याची खरखर थेट कानात येते. पिन काटकोनात वळलेली बरी, खिशात मोडत नाही. फोनला गोल पिनेची जागा नसेल तर चार्जिंगच्या भोकात बसणारी घ्यावी. यापलीकडचे आकडे, आत किती ड्रायव्हर आणि किती ओहम, ते पहिल्या खेपेला सोडून द्यावेत असं माझं मत आहे.

दुकानात पारख कशावर करायची? तिथे लावून दाखवतात ती गाणी मुळात ठणठणीत वाजावीत म्हणूनच निवडलेली असतात. आपण इअरफोनविना, समोर बसून, खूपदा ऐकलेला आवाज बरोबर न्यावा. मी नेला असता किशोरीताईंचा भूप, तानपुऱ्याची जवारी उलगडते का ते पाहायला. भाचीनं नेलं स्वतःचं ध्वनिमुद्रण: गावच्या जत्रेतला दशावतार, मोबाईलवर टिपलेला. पेटी, मृदंग, झांज. तो मृदंग ती रांगत होती तेव्हापासून तिच्या कानात आहे. पहिल्या जोडीवर ती म्हणाली, "ह्यात मृदंग पिंपासारखा वाजतो." दुसरीत झांज टोचली. तिसरीत तिनं डोळे मिटले, आवाज अर्ध्यावर आणला, अजून कमी केला, आणि तरी ऐकत राहिली. दुकानदारानं किंमत सांगितली ती पहिल्या जोडीपेक्षा कमीच होती.

एक गोष्ट मी तिला बजावून सांगितली. जे बाहेरचं इतकं अडवतं, ते धोक्याची शिट्टीही अडवतं. फलाटावर, रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे हवेत. रात्री झोपताना ते काढून ठेवायचे. कणकवली आली की मग घालायचेच नाहीत, कारण सिंधुदुर्गनगरीनंतर लगेच कुडाळ आणि तिथे गाडी रेंगाळत नाही. काढताना हळू, झटका देऊन नाही.

बोगद्यांत रेंज जाते म्हणून गाणी आधीच फोनमध्ये भरून घ्यायची होती. मी यादी दिली: मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमारजी. तिनं ती उतरवून घेतली आणि म्हणाली, "ह्ये सगळे ऐकतंय मावशे, पण पयलो दशावतार."