अर्ध्या वाटेवरची भेट



दुबईला जाऊन आले म्हटले की लोक विचारतात, सोने किती आणले? मी सोने आणले नाही. मी माझ्या थोरल्या भावाला भेटून आले. ती हकीकत आणि तिची तयारी लिहिते आहे. आपल्यापैकी कुणाला उपयोगी पडली तर बरेच.

मी अलिबागची. 1970 साली अलिया केली, आता अश्दोदला असते. दादा ठाण्यालाच राहिला. आमची शेवटची भेट 2008 सालची. पुढे माझ्या पायाचे दुखणे निघाले आणि डॉक्टरांनी बजावले, आठ-आठ तास विमानात बसायचे नाही. दर शुक्रवारी फोनवर बोलणे व्हायचे. फोन ठेवताना दादा म्हणायचा, "आता काय, वरच भेटू." मला ते ऐकवत नसे.

15 सप्टेंबर 2020 रोजी इस्राएल आणि अमिरातीचा करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत तिकडे साधा फोनसुद्धा थेट लागत नव्हता. नोव्हेंबरपासून तर तेल अवीवहून दुबईला विमाने सुटू लागली. एक दिवस नातवाने नकाशा उघडला आणि म्हणाला, "सफ्ता, इथून दुबई तीन-साडेतीन तास. मुंबईहून पण तीन तास." मी म्हटले, "अरे, मग अर्ध्या वाटेवर भेटू की!"

मार्च 2023 ठरवला. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिसाच्या वर जातो, म्हाताऱ्यांचे काम नाही. पुरीम 7 मार्चला होता, रमजान 23 ला सुरू होणार होता, नंतर पेसाह. मधले चार दिवस बरोबर सापडले. इस्राएली पासपोर्टाला व्हिसा लागला नाही, पण दादाचा आधी काढावा लागला. ते काम पुतण्याने केले. हॉटेल बर दुबईत घेतले, कारण त्या भागात आणि जवळच्या करामात आपल्याकडच्या शाकाहारी खानावळी पुष्कळ. आम्ही दोघेही बाहेर मांसमटण खात नाही.

नातवाने पानभर यादी केली. बुर्ज खलिफा, 828 मीटर. मोठा मॉल. वाळवंटात जीपगाडी. दादाने फोनवर सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "इमारती मुंबईत काय कमी आहेत? बसायला खुर्ची कुठे मिळेल ते सांग." मग यादी खोडली. रोज एकच ठिकाण, दुपारी झोप. वयस्कर माणसांनी असाच बेत करावा, असे माझे सांगणे आहे.

विमानतळावर दादा चाकाच्या खुर्चीत बसला होता. मला बघून म्हणाला, "एवढीशी झालीस गं तू!" आणि दोघेही रडलो. नातू बाजूला उभा, त्याला काय करावे कळेना.

दुसऱ्या दिवशी खाडीवर गेलो. तिथे अब्रा म्हणून लाकडी होड्या चालतात, बर दुबईहून पलीकडे देराला नेतात. भाडे एक दिरहम, म्हणजे तेव्हा आपला जवळजवळ एक शेकेल, दादाच्या हिशेबाने 22 रुपये. दादाने नातवाला सांगितले, "1966 पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेले रुपयेच चालत." होडी हलली तशी आम्हांला रेवसची लाँच आठवली. लहानपणी वडील आम्हांला तिच्यातून भाऊच्या धक्क्याला न्यायचे आणि मी दादाचा शर्ट धरून बसायचे. त्या दिवशीही धरला. पलीकडे उतरलोच नाही म्हणा, लगेच परत फिरलो. असे तीनदा केले.

एक दिवस अबूधाबीला गेलो. तिथे एकाच आवारात मशीद, चर्च आणि रामबामच्या नावाचे सिनेगॉग बांधले आहे, 1 मार्चला ते लोकांसाठी उघडले होते. दादाने ड्रायव्हरला विचारले, "हमारा मशीद किधर है?" त्या भल्या माणसाने मशिदीकडे बोट दाखवले. बाळांनो, तुम्हांला ठाऊक नसेल, पण आपली जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत. समजावून सांगितल्यावर ड्रायव्हरही खूप हसला.

"पुढच्या मार्चला परत," असे ठरवून निरोप घेतला. पण ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध लागले आणि ते राहून गेले. तेव्हापासून विमाने आणि सरकारी सूचना वरचेवर बदलत आल्या आहेत. म्हणून कुणी जाणार असेल तर आधी सूचना वाचा, आणि रद्द करता येईल असेच तिकीट घ्या.

दादा आता घराबाहेर पडत नाही. शुक्रवारचा फोन मात्र चालू आहे. "वरच भेटू" असे आता म्हणत नाही. म्हणतो, "होडीत बसलो होतो ना गं आपण!"

बाळांनो, तुमच्या आजी-आजोबांचे कुणी भावंड दूर राहत असेल तर नकाशा उघडा. अर्धी वाट कुठे येते ते बघा. आणि "पुढच्या वर्षी" म्हणू नका.